मुलीला बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करायचं आहे. समाजसेवेला पदवी कशाला, असं घरचे विचारतात. काय सांगू?

चोर्लाघाट | १९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. थोरली मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७१ टक्के. निकालापासून तिचं एकच, मला बीएसडब्ल्यू करायचं. पणजीला डॉन बॉस्को कॉलेजात हा कोर्स आहे, पदवी गोवा विद्यापीठाची मिळते, ही माहिती तिनेच काढली. बायको तिच्या बाजूने. बाकी घर विरोधात. माझे थोरले बंधू म्हणतात, समाजसेवा माणसाने नोकरी सांभाळून करावी, त्यासाठी कॉलेजात तीन वर्षं घालवून काय शिकायचं? मामाचं म्हणणं नर्सिंगला घाल, हमखास नोकरी आहे.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं ते सांगतो. २०१२ च्या सप्टेंबरात इथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ती पाच वर्षांची होती. मधे सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत बंद. तेव्हा अकराची. माझा ट्रक दारात उभा, हप्ते थकलेले. माझं कसंबसं निभावलं. शेजारी मात्र दिवसाढवळ्या पिऊ लागला. त्या घरात रात्री काय चालायचं ते आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. दर गुरुवारी एक बाई स्कूटरवरून यायच्या. आल्या की त्याच्याशी बोलायच्या नाहीत. आधी त्याच्या आईपाशी बसायच्या, मग बायकोपाशी, आणि निघताना दोन मिनिटं त्याच्यापाशी. पुढे पुढे त्या दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. सहा-सात महिन्यांनी तो साखळीला गॅरेजमध्ये कामाला लागला, आजही आहे. त्या बाई कोण, कुठल्या, मी कधी विचारलं नाही. मुलीने विचारलं होतं.

तिचं मन मोडायचं नाही. पण तीन वर्षांनी ती हात हलवत घरी आली तर जबाबदार मी. या कोर्सात खरोखर काय शिकवतात आणि पुढे गोव्यात पोट भरतं का, हे यात असलेल्या माणसांनी सांगावं.

---

रानमोगरा | १९ मे, रात्री ११.०५

दादा, मी बीएसडब्ल्यू झालेली आहे, सध्या बार्देशात एका संस्थेत मुलांसोबत काम करते. तुमच्या मुलीने गुरुवारच्या त्या बाईंचं जे निरीक्षण केलंय ना, आधी आई, मग बायको, शेवटी तो, ते आम्हाला वर्गात शिकवतात. व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात त्याला, सगळे केसवर्कच म्हणतात. जोडीला गटकार्य आणि समुदाय संघटन. मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, संशोधनाच्या पद्धती हे विषय असतात. पण कोर्सचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, फील्डवर्क. आमच्या वेळी आठवड्याचे दोन दिवस बाहेर असायचे. वस्ती, शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम, दर वर्षी जागा बदलायची. गेल्या दिवसाचा अहवाल लिहायचा, आणि तो घेऊन दर आठवड्याला पर्यवेक्षक मॅडमसमोर बसायचं.

या बसण्याबद्दल सांगते, कारण ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही. पहिल्या वर्षी मला बांधकाम मजुरांची वस्ती मिळाली होती. एका बाईच्या मुलाचा शाळाप्रवेश जन्मदाखल्यावाचून अडला होता. ती रडायला लागली. मी तिचा हात धरून म्हटलं, "ताई, तुमचं काम नक्की होईल." अहवालात मोठ्या अभिमानाने तसंच लिहिलं. मॅडमनी काही न बोलता 'नक्की' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "कुणाच्या जोरावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखला तिच्या गावाहून, कर्नाटकातून यायचा होता, आणि ते माझ्या हातात नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत जाऊन तिला सांगावं लागलं की मी बोलले ते चुकलं, आणि हातात काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. वयाचा दाखला मागणं शाळेने थांबवावं म्हणून शिक्षण हक्क कायद्याचं कलम दाखवायचं, हे मला मॅडमनी शिकवलं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं २००९ च्या त्या कायद्यात स्पष्ट आहे. मुलाचा प्रवेश झाला.

तेव्हापासून कामावर असताना माझ्या तोंडून 'नक्की' हा शब्द सहज निघत नाही.

---

कुळागर | २० मे, सकाळी ७.१५

मी उलट बाजू मांडतो, राग नसावा. माझं वय ६२. गावच्या देवस्थानाच्या कामात, रक्तदान शिबिरांत, शाळेच्या पालक संघात माझी पंचवीस वर्षं गेली. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरीत घरं पडली, माणसं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भात-आमटीचे टोप घेऊन तिथे होतो. आमच्यात एकाचीही समाजकार्याची पदवी नव्हती.

दुसरं, इथल्याच 'संगात' संस्थेचं उदाहरण जगभर दिलं जातं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती गोव्यात सुरू केली. त्यांनी साध्या, मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तो अभ्यास झाला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि गुण आला हे सिद्ध झालं. मग साधी माणसं हे करू शकतात, तर मुलीची तीन वर्षं कशाला? चोर्लाघाटांच्या बंधूंचं मला पटतं. आधी पोटापाण्याचं बघावं, माणुसकी रक्तात असेल तर ती कुठेही गेली तरी राहते.

---

मळेकरीण | २० मे, दुपारी १.५०

कुळागर काका, तुमच्या भात-आमटीला माझा नमस्कार आहे. त्या दिवशी तीच लागत होती. मी मेडिकल सोशल वर्कर म्हणून रुग्णालयात एकोणीस वर्षं काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी मांडते.

पुराच्या चौथ्या महिन्यात काय होतं ते बघा. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा तर घर कुणाच्या नावावर? जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं नाव, घरपट्टी वारलेल्या आजोबांच्या नावाने, राहणारा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण नोंद कधी केलेलीच नाही. अशा माणसापाशी बसून, कुठला कागद आहे, कुठला नाही, नसलेल्याच्या जागी काय चालतं, मामलेदाराकडे काय मागायचं, हे लावून देणारं कुणी लागतं. टोप घेऊन येणारे शंभर जण असतात. कागद लावून देणारा गावात एखादाच सापडतो, आणि बऱ्याचदा तो पैसे घेतो.

'संगात'चं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. पण त्या अभ्यासाची दुसरी अर्धी बाजू राहिली. त्या समुपदेशकांना आधी नीट प्रशिक्षण दिलं होतं, ठरलेल्या पद्धतीची पुस्तिका होती, सहा ते आठ बैठकांत काय करायचं ते आखलेलं होतं. त्यांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांना गुण दिले जायचे, आणि ते एकमेकांचं कामही असंच तपासायचे. म्हणजे माणसं साधी होती, पण एकटी सोडलेली नव्हती. रानमोगराने लाल रेघेबद्दल लिहिलंय, ते हेच. कुणीतरी रोज तुमचं काम उघडून बघतंय आणि 'हे असं का केलंस' विचारतंय. पदवीचे कोर्स मला या एका गोष्टीसाठी हवेत. भिंतीवर लावायच्या कागदासाठी मीही कुणाला सांगणार नाही.

एक प्रसंग. ओडिशाचा एक मजूर, वय पस्तिसेक, छातीच्या आजारातून उठला. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या लिहिलेल्या: जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा. पंधरवड्यात तो तसाच परत आला. सगळे त्याला बोलत होते की गोळ्या घेतल्या नाहीस. मी खाटेजवळ स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "दिवसातून जेवता किती वेळा?" तो म्हणाला, "एक बार। रात को।" साइटवर सहा जणांत एक स्टोव्ह, रात्रीच चूल पेटायची. सकाळी चहा-पाव, दुपारी कधी तोही नाही. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या म्हणून हा इमानदारीने रात्री एकच घेत होता. पुढे डॉक्टरांशी बोलून वेळा बदलून घेतल्या, ठेकेदाराशी दुपारच्या जेवणाचं बोलणं झालं. मी प्रेमळ आहे म्हणून तो प्रश्न सुचला नाही. घरात चूल कधी पेटते, पाणी कुठून येतं, झोपायला किती जण, हे विचारल्याशिवाय केसपेपर पुरा होत नाही असं माझ्या शिक्षिकेने दोन वर्षं घोटून घेतलं होतं, म्हणून सुचला.

---

कुळागर | २० मे, रात्री ८.३०

मळेकरीण ताई, कागदांचं तुमचं म्हणणं मान्य. पुरानंतर आमच्याच वाड्यावरच्या दोन घरांचे अर्ज असेच लटकले होते आणि आम्हाला पुढे काय करायचं ते सुचलं नव्हतं. ध्वनिमुद्रणाचं मला ठाऊक नव्हतं. पोटापाण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे.

---

दिवचल | २१ मे, सकाळी १०.२०

पोटापाण्याचं मी सांगतो. समाजकल्याणाच्या क्षेत्रातच सरकारी नोकरी करून निवृत्त झालो.

आधी सरकारी बाजू. समाजकल्याण खातं, महिला व बालविकास खातं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं वन स्टॉप सेंटर, एड्स नियंत्रणाच्या तपासणी केंद्रांतले समुपदेशक, अंगणवाड्यांच्या मुख्य सेविका, बांबोळीची मानसोपचार संस्था, इतकी दारं आहेत. काहींना कुठलीही पदवी चालते, काहींना समाजकार्याचीच लागते, आणि वरच्या बऱ्याच जागांना एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) मागतात. क वर्गाची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून, परीक्षेने. जाहिरात उघडून बघा, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट, असं असतं. सत्तरीतल्या पोरीला दोन्ही येतात. कायम जागा मोजक्या, निघतात तेव्हा निघतात. कंत्राटी जास्त, वर्षा-वर्षाने वाढवून मिळणाऱ्या. हे लपवून उपयोग नाही.

पण तुमच्या बंधूंनी विचारलंय की शिकायचं काय, त्याला मी एक कागद दाखवतो. सामाजिक तपासणी अहवाल. एखादं मूल सापडलं, बसस्टँडवर, हॉटेलात कामाला, की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत ते बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ती समिती. मग मुलाच्या घरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची असते. समिती त्या मुलाच्या घरी जात नाही. तिच्यापुढे असतो तो हा अहवाल. मूल घरी परत पाठवायचं, नातेवाइकाकडे की बालगृहात, हे त्या चार-पाच पानांवर बेततं.

मी असे शेकडो वाचले. एकात लिहिलेलं होतं: "घरची परिस्थिती हलाखीची. वडील व्यसनी. मुलास संस्थेत ठेवणे योग्य." बस्स. दुसऱ्या एका मुलीने त्याच घराचा अहवाल नव्याने केला. त्यात होतं की वडील पितात, पण मुलाची आत्या चार घरं सोडून राहते, मूल रात्री तिच्याकडेच झोपतं, तिच्या खोलीत त्याची वह्या-पुस्तकं एका खोक्यात नीट लावलेली आहेत, आणि आत्या म्हणते मी ठेवून घेते. ते मूल आत्याकडे गेलं. पहिला अहवाल लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्याला आत्याबद्दल विचारायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं. दुसरी मुलगी समाजकार्याचं शिक्षण घेऊन आलेली होती.

---

भाऊ_पेडणे | २१ मे, संध्याकाळी ६.००

थोडी वेगळी माहिती. माझी भाची मेलबर्नला 'ह्यूमन सर्व्हिसेस' शिकते. तिकडे कल्याणाच्या कामाची ही मोठी छत्री आहे: वृद्धसेवा, अपंगांची सेवा, बेघरांसाठी घरं, कुटुंबांना मदत. पण त्यांच्याकडे ह्यूमन सर्व्हिसेस आणि सोशल वर्क या दोन निराळ्या पदव्या. सोशल वर्कच्या पदवीला त्यांच्या व्यावसायिक संघटनेची मान्यता लागते, आणि त्यात १,००० तासांचं प्रत्यक्ष काम सक्तीचं. इंग्लंडात तर 'सोशल वर्कर' म्हणवून घ्यायलाच नोंदणी लागते, २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ही संस्था ते बघते. आपल्याकडून तिकडे जाणारी पोरं विचारत असतात म्हणून लिहिलं. इथली पदवी घेऊन गेलात तरी आधी तपासणी होते, म्हणून क्षेत्रकार्याच्या तासांचा आणि अहवालांचा दाखला कॉलेजकडून व्यवस्थित घेऊन ठेवावा.

भारतात वकिलांसारखी समाजकार्याची स्वतःची देशपातळीवरची वैधानिक परिषद नाही. त्यामुळे कुणीही स्वतःला सोशल वर्कर म्हणवतो, आणि शिकलेल्याला पगार मागताना त्रास होतो.

---

सांज | २२ मे, रात्री १२.१०

भाऊंच्या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय, कारण ते मी भोगलंय.

मी डिचोलीची. बीए करून मुंबईला एमएसडब्ल्यू केलं. परत येऊन एका संस्थेत लागले. हातात १४,००० यायचे. काम मनासारखं होतं, वस्तीतल्या किशोरी मुलींचे गट. तिसऱ्या वर्षी मार्चात सांगितलं की प्रकल्पाचा निधी संपला, एप्रिलपासून येऊ नका. बावीस मुलींचा गट होता. त्यांना निरोप देण्यासाठी एक शनिवार मागून घेतला, तेवढाच मिळाला. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. पालकांनी हे आधीच धरून चालावं: संस्थांमधलं काम प्रकल्पावर चालतं, प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, आणि नोकरीच्या मुलाखतीत "निधी कुठवर आहे?" हा प्रश्न उमेदवाराने विचारायला अजिबात लाजू नये. मी आता विचारते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिथेही आमच्या लोकांना जागा निघाल्या आहेत. मी सध्या तशाच एका ठिकाणी आहे, पगार पुष्कळ बरा, पण वस्ती महिन्यातून दोनदाच दिसते. त्याची रुखरुख आहे.

पुढच्या शिक्षणाचं: मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, देशातली या विषयाची सगळ्यात जुनी. निर्मला निकेतन १९५५ चं. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची, तिथे मराठीतून विचार करणाऱ्या मुलांना फार परकं वाटत नाही. घर सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू आहे, पण क्षेत्रकार्य त्यातही करावंच लागतं. मानसोपचारात जायचं असेल तर वाट लांब आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं ते लिहिलंय: एमएसडब्ल्यू आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. म्हणजे बारावीनंतर सात वर्षं धरा.

चोर्लाघाट दादा, भाषेचं एक सांगते. आपल्या भागातली मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी. मुलीला इंग्रजी पुस्तकं जड गेली तर घाबरू देऊ नका. वस्तीत बोलणं होतं ते कोकणीत, मराठीत, हिंदीत, कधी कन्नडात, आणि अहवाल इंग्रजीत. माझ्या वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुली होत्या, त्यांना म्हातारी माणसं अर्ध्या वाक्यात तोडायची. मी तोडकं लिहायचे, पण माझ्यापाशी माणसं बोलायची. लिहिणं दीड वर्षात सुधारलं.

---

चोर्लाघाट | २२ मे, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर बंधूंना हा धागा मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला. दिवचल साहेबांच्या अहवालापर्यंत ते गप्प होते. आत्याचं आलं तेव्हा म्हणाले, परत वाच. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या आईच्या माघारी आम्हा दोघांना आत्यानेच वाढवलं.

आज सकाळी त्यांनी वेगळा प्रश्न काढला. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून पोरीचं काय होईल? ती हळवी आहे. आणि प्रवास. वाळपईहून पणजी रोज जाऊन-येऊन, त्यात क्षेत्रकार्याच्या दिवशी उशीर.

---

मळेकरीण | २३ मे, सकाळी ६.४५

बंधूंचा प्रश्न योग्य आहे आणि त्यांनी तो विचारला याचं मला बरं वाटलं. त्रास होतो. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डातलं एक मूल गेलं, त्यानंतर महिनाभर मी घरी जेवण वाढून घ्यायचे आणि तशीच उठायचे. माझ्या वरिष्ठांच्या ते लक्षात आलं, कारण माझे अहवाल अचानक तीन ओळींचे झाले होते. त्यांनी मला केस कमी केल्या आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं समोर बसवून बोलतं केलं. सवय होते असं लोक म्हणतात. मला ती झालेली नाही, व्हावी असं वाटतही नाही. पण कुणाशी बोलायचं, कधी थांबायचं आणि घरी जाताना काय मागे ठेवायचं हे शिकता येतं. तुमची मुलगी नोकरीला लागेल तेव्हा तिला तिथे वरिष्ठ कोण, आठवड्यातून एकदा तरी ते तिच्याशी कामाबद्दल बोलणार का, हे आधी विचारू दे. पगाराच्या बरोबरीने विचारू दे.

हळव्या मुली या कामात टिकत नाहीत हे खरं नाही. ओसरीवरून सहा महिने एक घर बघत राहिली, कुणाला नावं न ठेवता. तेवढं पुष्कळ आहे.

---

रानमोगरा | २३ मे, सकाळी ९.३०

प्रवासाचं मी सांगते. पहिलं वर्ष मी रोज ये-जा केली, कदंबा बसचा विद्यार्थी पास काढून. क्षेत्रकार्याच्या दिवशी घरी पोचायला रात्र व्हायची आणि अहवाल बसमध्येच लिहावा लागायचा, डोकं दुखायचं. दुसऱ्या वर्षी पणजीत मुलींच्या वसतिगृहात राहिले. जमत असेल तर पहिल्यापासूनच ठेवा. प्रवेशाच्या वेळी प्रॉस्पेक्टस नीट बघा, नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मुलाखत असेल तर 'मला समाजाची सेवा करायची आहे' हे वाक्य तिने म्हणू नये, सगळेच म्हणतात. गुरुवारच्या बाईंचं सांगावं.

---

कुळागर | २३ मे, सकाळी ११.००

पणजीत माझी चुलतबहीण राहते, मळा भागात. एकटीच असते, मुलं परदेशी. वसतिगृह मिळेपर्यंत पोरीला तिच्याकडे ठेवायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. तिलाही सोबत होईल.

---

चोर्लाघाट | १६ जून, रात्री ८.०५

प्रवेश झाला. कुळागर काकांच्या बहिणीकडे सोय झाली आहे, बंधू स्वतः ट्रंक घेऊन सोडायला गेले होते. पुढचं तीच लिहील म्हणते.

---

चोर्लाघाट | ९ ऑगस्ट, रात्री १०.२०

मी बाबांच्या खात्यावरून लिहितेय. सगळ्यांना नमस्कार. तुमचं सगळं मी तेव्हाच वाचलं होतं.

आमच्या भेटी सुरू झाल्या. मला वृद्धाश्रम मिळालाय. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी एका आजींच्या खाटेपाशी बसले. त्यांनी विचारलं, "बाय, तूं खंयची?" मी गावाचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या त्यांचं माहेर तिथून दोन कोसांवर. मग त्यांनी उशीखालून एक पिशवी काढली, दुधाची धुतलेली पिशवी, त्यात पासबुक, आधार कार्ड आणि एक फोटो. पासबुक मला वाचायला दिलं. वृद्धांना मिळणारे सरकारच्या दयानंद योजनेचे महिन्याचे २,००० जमा होतात ते त्यांना माहीत होतं, पण कुणी काढतं का ते बघायचं होतं. मी एकेक नोंद वाचून दाखवली. कुणी काढलेले नव्हते. सगळे जमा होते. मी हे सांगितल्यावर त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पासबुक परत पिशवीत ठेवलं आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मी काही विचारलं नाही, कारण काय विचारावं कळेना. नंतर चहाची घंटा झाली.

उद्या अहवाल द्यायचाय. पासबुकापर्यंत लिहून झालंय. त्या गप्प बसल्या ते कसं लिहायचं? "आजी दुःखी झाल्या" लिहिलं आणि खोडलं. त्या दुःखी होत्या का तेच मला माहीत नाही.

---

रानमोगरा | ९ ऑगस्ट, रात्री १०.५५

खोडलंस ते बरोबर केलंस. घड्याळ बघितलं होतंस का?

---

चोर्लाघाट | ९ ऑगस्ट, रात्री ११.०२

भिंतीवर होतं समोर. पासबुक ठेवलं तेव्हा पावणेचारला पाच कमी होते. घंटा चारला झाली.

---

रानमोगरा | ९ ऑगस्ट, रात्री ११.१०

मग तसंच लिही. पासबुक पिशवीत ठेवल्यावर आजी वीस मिनिटं खिडकीकडे बघत गप्प बसल्या, मी शेजारी बसून राहिले. मग नवी ओळ घेऊन लिही की पैसे कोण काढील अशी त्यांची अपेक्षा होती ते मला ठाऊक नाही, पुढच्या भेटीत फोटोबद्दल विचारावं का, मॅडमना विचारायचं आहे.